उशी तरी सरळ कर

"आता करण्यासारखं काही राहिलं नाही," हे वाक्य बाईंसमोर कोणी बोललं की मी होते तिथून दोन पावलं मागे सरकायची.

एकदा तलासरीच्या पुढच्या एका पाड्यावर एक तरुण डॉक्टर हे बोलला. आमचं काम बघायला म्हणून तो त्या दिवशी सोबत आला होता. खाटेवर म्हातारी होती, पोटात गाठ, अंगात ताप. दारात तिची सून भिंतीला टेकून उभी होती. डॉक्टरने नाडी पाहिली, माझ्याकडे वळून हळूच ते वाक्य म्हणाला आणि हात पुसायला लागला. पण बाईंनी ऐकलं होतं.

"काय नाय करण्यासारखं?" त्या ओरडल्या. "तिचा उशी खाली घसरला हाय, तो सरळ कर. ओठ फाटला हाय, पाणी लाव. खिडकी उघड. सुनेला विचार, ती झोपली कधी होती. एवढा कर आणि माझ्याकडे ये, मी तुला अजून काम देते."

त्याने गुपचूप उशी सरळ केली, कापूस ओला करून ओठांना लावला. म्हातारीने डोळे उघडले, त्याच्याकडे पाहिलं आणि काहीतरी पुटपुटली. "काय म्हणतायत?" त्याने घाबरून मला विचारलं. मी सांगितलं, "म्हणते, पोरगा बरा आहे, लग्न झालंय का बघ." बाई इतक्या मोठ्याने हसल्या की कोंबड्या उडाल्या.

बाई म्हणजे आमच्या डॉक्टर. डहाणूच्या चिकूच्या वाडीवाल्या इराणी घरातल्या. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात ऑपरेशनच्या आधी भूल देण्याचं काम त्यांनी आयुष्यभर केलं आणि निवृत्त होऊन वाडीत परत आल्या. लग्न केलेलं नव्हतं. बहिणीचा एक मुलगा होता, तो मुंबईत. वाडीत आरामखुर्ची टाकून बसायचं वय होतं. पण त्यांनी, ज्यांना दवाखान्यांनी 'घरी घेऊन जा' सांगितलंय अशा माणसांच्या घरी जायला सुरुवात केली. मुंबईच्या एका संस्थेने खर्च उचलला. एक जुनी जीप, एक डॉक्टर आणि एक नर्स. ती नर्स मी.

मला कामावर घेताना त्यांनी माझी सर्टिफिकिटं पाहिलीच नाहीत. विचारलं, "तुला राग येतो?"

"येतो."

"कोणाचा?"

मी कासाजवळच्या पाड्यावरची. माझा बाप घरीच गेला होता, घशाच्या कॅन्सरने. मी म्हणाले, "माझ्या बापाला घरी न्या म्हणाले आणि सोबत तापाच्या गोळ्या दिल्या, त्यांचा."

बाई म्हणाल्या, "उद्यापासून ये."

त्या घरात गुजराती बोलत, औषधांबद्दल इंग्रजी आणि रागावायचं असलं की मराठी. "रागाला मराठीच बरा," असं त्यांचं मत होतं. मराठीतली स्त्रीलिंगं-नपुंसकलिंगं त्यांनी कधी मनावर घेतली नाहीत. जगातली बहुतेक प्रत्येक वस्तू त्यांच्या लेखी पुरुष होती. अंगात पुरुषी शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट, केस स्वतःच कात्रीने कापलेले. जीप स्वतः चालवायच्या आणि फार वाईट चालवायच्या. मागे घ्यायची वेळ आली की समोरच्याला मागे जायला लावायच्या. एकदा झाईच्या रस्त्यावर एस्टी मागे सरकवली होती त्यांनी.

पेशंटच्या घरी त्या खुर्चीवर बसत नसत. लोक धावत जाऊन शेजारून प्लास्टिकची खुर्ची आणायचे, ती पुसायचे आणि बाई खाली जमिनीवर बसलेल्या असायच्या, पेशंटच्या तोंडापाशी तोंड नेऊन. जखमेला कितीही वास येत असला तरी त्या नाकाला रुमाल लावत नसत, आणि जो लावेल त्याला बाहेर काढत. मग तो सरपंच असला तरी.

आणि बसल्या बसल्या त्या खायला मागायच्या. सुरुवातीला मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. घरात माणूस शेवटचे श्वास मोजतोय, आणि ह्या बाई हाक मारतायत, "अरे, कोणी चहा करणार की नाय? मला भूक लागला हाय. भात असेल तर भात दे." घरातली बाई चटकन उठायची. चूल पेटायची. बाईंना द्यायचं तर सगळ्यांसाठी टाकावं लागायचं, आणि बाई एकट्या जेवायला तयार नसायच्या; घरातल्या सगळ्यांना ओढून बसवायच्या. एकदा परत येताना मी चिडून म्हणाले, "जरा तरी लाज ठेवा. त्यांच्या घरात काय चाललंय!"

"त्यांच्या घरात काय चाललाय?" त्या म्हणाल्या. "पोरं काल दुपारपासून उपाशी हाय, तो चाललाय. आईला स्वैपाक करायला लाज वाटत होता. आता माझ्या नावाने केला ना? मला निर्लज्ज म्हणू दे."

त्यानंतर मीही मागायला लागले.

आगरच्या तांडेलाची गोष्ट सांगितल्याशिवाय बाई कळायच्या नाहीत. तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या. हा आयुष्यभर दर्यावर गेलेला, गालाचा कॅन्सर, गाल आरपार गेलेला. त्याची बायको डहाणूच्या बाजारात मासे विकायची. आम्हाला त्यांच्या शेजाऱ्यांनी बोलावलं. खरं सांगायचं तर शेजाऱ्यांना त्याचा आवाज सहन होत नव्हता. तो ओरडत नव्हता, ओरडायला तोंड राहिलंच नव्हतं. घशातून एक आवाज यायचा, थांबायचाच नाही. त्याच्या बायकोने आम्हाला बघून "या" म्हटलं नाही. ती ओट्यावर बसून बोंबील निवडत होती आणि निवडतच राहिली.

त्याला मॉर्फिन हवं होतं. असल्या दुखण्यावर चालणारं ते औषध. साधी गोळी असते, महागही नसते. पण नशेचं म्हणून कुलपात ठेवतात आणि ज्याच्या नावावर परवानगी आहे त्यानेच ती द्यायची असते. आमच्या संस्थेची परवानगी तेव्हा कुठल्याशा टेबलावर पडून होती. जवळच्या सरकारी दवाखान्यात गोळ्या होत्या, कपाटात, डोळ्यांना दिसत होत्या. पण परवानगी ज्याच्या नावावर होती त्या डॉक्टरची बदली झाली होती आणि नव्याचं नाव अजून चढलं नव्हतं.

बाई त्या दवाखान्याच्या साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. मी मागे. साहेब वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर सोपं गेलं असतं. त्याने चहा मागवला. म्हणाला, "मॅडम, माझ्या हातात असतं तर मी आत्ता दिल्या असत्या. पण प्रोसिजर आहे. वर पत्र गेलंय. थोडं थांबावं लागेल."

बाईंनी खिशातून मोबाईल काढला, साहेबाच्या टेबलावर ठेवला आणि आवाज पूर्ण मोठा केला. तांडेलाचा आवाज होता तो. सकाळी निघताना बाईंनी त्याला विचारलं होतं, "ऐकवू का त्यांना?" आणि त्याने मान हलवली होती.

केबिनमध्ये तो आवाज भरला. दारातला शिपाई आत डोकावला. बाहेरच्या रांगेतल्या बाया गप्प झाल्या. चहा घेऊन आलेला माणूस ट्रे धरून तसाच उभा राहिला. साहेबाचा चेहरा उतरत गेला.

"मॅडम, बंद करा ते."

"मी बंद करू शकत नाय," बाई म्हणाल्या. "तेच सांगायला आले. मला बंद करता येत नाय. तुला येतो. चावी तुझ्याकडे हाय."

"मॅडम, प्लीज."

"त्याची बायको पण प्लीज म्हणते. तिला कोण बंद करून देतो?"

आवाज चालूच राहिला. शेवटी साहेबाने फोन उचलला आणि वरच्या साहेबाला लावला. तिकडच्यालाही तो आवाज ऐकू जात असणारच. त्याच संध्याकाळी परवानगीचं पत्र मोबाईलवर आलं. इतके दिवस जे कोणाच्या हातात नव्हतं, ते एका संध्याकाळी झालं. मला बाईंचं कौतुक वाटलं नाही त्या दिवशी. मला फक्त राग आला. म्हणजे होत होतं. सगळं होत होतं, आणि माझ्या बापाच्या वेळी कोणाच्या टेबलावर तो आवाज कोणी ठेवला नव्हता.

गोळ्या सुरू झाल्या. तांडेल झोपला. जागा झाला तेव्हा त्याने खुणेने पेज मागितली आणि मग आपल्या भावाला बोलावून घेतलं. नारळी पौर्णिमा झाली होती, बोटी पाण्यात उतरल्या होत्या आणि भावाने ह्याला न विचारता बोटीला हिरवा रंग दिला होता. तांडेलाला बोलता येत नव्हतं, म्हणून तो हातवारे करून भांडला. खाटेवर मूठ आपटली. भावाच्या अंगावर उशी फेकली. भाऊ वैतागून माझ्याकडे आला, "सिस्टर, हा मरायला टेकलाय आणि मला रंगावरून शिव्या देतोय!"

बाई खुशीने लाल झाल्या होत्या. "बघ, बघ! भांडतो हाय! दुखणा बसला होता ना त्याच्या अंगावर, तो उठला. आता तांडेल दिसतो." आणि भावाला म्हणाल्या, "तू पण भांड. दया नको करू त्याच्यावर. तुझा मोठा भाऊ हाय तो."

तो भांडत, पेज पीत, बायकोचा हात धरत राहिला आणि एका सकाळी शांतपणे गेला. बोटीचा रंग बदलला होता की नाही, हे मी कधी विचारलं नाही.

लोकांना वाटतं की माणूस गेला की डॉक्टरचं काम संपलं. बाईंचं तिथे अर्धं व्हायचं. दहावं-बारावं होईपर्यंत त्या फिरकत नसत. "आता घर भरला हाय," म्हणायच्या. पाहुणे गेले, भांडी परत गेली, की मग जीप काढायच्या.

तांडेलाच्या घरी गेलो तेव्हा त्याची बायको ओट्यावरच बसली होती. माशांची पाटी कोरडी, भिंतीला टेकवून ठेवलेली. बाजारात गेली नव्हती. शेजारणी येऊन येऊन सांगत होत्या, रडून घे, मोकळी हो. तिला रडू येत नव्हतं. म्हणून आता त्या आपसात बोलत होत्या की हिला काही वाटलंच नाही.

बाई तिच्या शेजारी बसल्या. मग सहज विचारलं, "त्याचा राग आला हाय का तुला?"

तिने चमकून पाहिलं. मग तिचं तोंड जे सुटलं! "किती सांगितलं त्याला, तंबाखू सोड! डबी दर्यात फेकली तर दुसरी आणली! पोरीच्या लग्नात तोंडात तोबरा! मला म्हणायचा, मी काय मरतो काय! मेला की! मला टाकून गेला की!" ती त्याला नाही नाही ते बोलली. गल्लीतल्या बाया दारात येऊन तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. मेलेल्या माणसाला अशा शिव्या! एकीने पुढे होऊन तिला गप्प करायला हात धरला, तर बाई तिच्यावर गुरकावल्या, "सोड तिला. तिचा नवरा हाय. तिने नाय शिव्या द्यायच्या तर कोणी द्यायच्या?"

आम्ही निघालो तेव्हा ती पाटी धुवायला घेत होती. रडतही होती.

पुढे आमच्या कामाचा गाजावाजा झाला. हायवेवरच्या एका मोठ्या हॉटेलात सभा ठेवली. शेवटच्या दिवसांतल्या माणसांची आणि मागे राहणाऱ्यांची काळजी देशभर कशी सुधारायची, असा विषय. दिल्लीचे पाहुणे, मुंबईचे पाहुणे, गार हॉल, पडद्यावर रंगीत चित्रं. आमच्या भागाचं नाव घेऊन 'मॉडेल, मॉडेल' चाललं होतं. संस्थेच्या मॅडमना एखाद्या पेशंटच्या घरचं माणूस व्यासपीठावर हवं होतं. बाईंनी तांडेलाच्या बायकोला विचारलं, येतेस का? ती म्हणाली, येते. जरीकाठाची साडी नेसून आली.

मॅडमनी तिच्या हातात माइक दिला. "ताई, आमच्या टीमची तुम्हाला कशी मदत झाली, ते सगळ्यांना सांगा ना."

तिने माइककडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं.

"गोळी चांगली होती," ती म्हणाली. "माणूस झोपला. बाय आमच्याकडे जेवली, तेपण बरं झालं. पण बाय, तू लय उशिरा आलीस. पावसाच्या आधीपासून तो कण्हत होता. तू नारळी पुनवेच्या टायमाला आलीस. तोवर तू कुठे होतीस? आणि हे एवढे सगळे लोक, हे कुठे होते?"

मग पुढच्या रांगेतून कोणीतरी टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांनी वाजवल्या. मॅडम म्हणाल्या, "खूपच भावनिक क्षण. धन्यवाद, ताई."

बाई उठल्या आणि मॅडमच्या हातातून माइक घेतला.

"टाळी कशाला वाजवता? तिने शिवी दिला. तुम्हाला दिला, मला दिला. शिवी दिल्यावर टाळी वाजवतो कोणी? गधेडे!"

त्यांनी माइक टेबलावर ठेवला आणि तांडेलाच्या बायकोला घेऊन बाहेर पडल्या. जेवणही घेतलं नाही, आणि जेवण सोडणं हे बाईंच्या बाबतीत फार गंभीर होतं. परतीच्या वाटेवर त्या एक शब्द बोलल्या नाहीत. आगरला उतरताना तांडेलाच्या बायकोला वाटलं आपलं चुकलं. "बाय, रागावली?" तिने विचारलं. बाई म्हणाल्या, "तुझ्यावर? तू खरा बोलली. मी उशिरा आली."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चारोटी नाक्यावर उभं राहायला सुरुवात केली.

आमच्याकडची माणसं मोठ्या दुखण्यासाठी कुठे गुजरातेत जातात, कुठे मुंबईला. आणि 'घरी घेऊन जा' म्हटल्यावर परत येतात ती ह्याच हायवेने, नाक्यावर वळून आपापल्या पाड्यांकडे. बाईंचं म्हणणं साधं होतं: घरी पोहोचून, ओरडून, शेजाऱ्यांनी बोलावेपर्यंत थांबायचंच कशाला? वाटेतच गाठायचं. चहाच्या टपरीपाशी जीप लावून त्या रस्त्यात उभ्या राहायच्या आणि अँब्युलन्स दिसली की हात आडवा करायच्या. ड्रायव्हर ओरडायचे, "बाई, पेशंट आहे आत!" त्या म्हणायच्या, "म्हणून तर थांबवला. भाजी असता तर जाऊ दिला असता."

एका दुपारी एक अँब्युलन्स थांबली. आत एक तरुण बाई, नवऱ्याच्या मांडीवर डोकं. नवऱ्याच्या हातात दवाखान्याची पिशवी, पिशवीत जाडजूड फाइल, एक्स-रे आणि औषध एकही नाही. ती कण्हत होती आणि तो तिला सांगत होता, "आता घर येईल, आता घर येईल," जसं काही घर आलं की दुखायचं थांबणार होतं. बाई आत चढल्या, गुडघ्यावर बसल्या. तोवर संस्थेची परवानगी आली होती, गोळ्या आमच्याजवळच असायच्या. पहिला डोस तिथेच दिला. पुढचा कसा द्यायचा ते नवऱ्याला शिकवलं, त्याच्याकडून वदवून घेतलं. ट्रक हॉर्न मारत होते. एक हवालदार आला आणि विचारू लागला, हा काय तमाशा आहे. बाईंनी त्याच्या हातात सलाइनची बाटली दिली. "वर धर. अजून वर. पोलिसाचा हात हाय ना?" काम संपेपर्यंत तो बाटली धरून उभा राहिला.

हळूहळू ड्रायव्हर स्वतःच फोन करायला लागले. "बाई, निघालोय, आत आजोबा आहेत, बोरीगावला जाणार." सभेत कोणी सुचवली नव्हती ती गोष्ट. हॉटेलातल्या पडद्यावर नव्हती. ती एका चिडलेल्या विधवेच्या प्रश्नातून आली.

मग संस्थेने काम थांबवलं. पत्रात लिहिलं होतं की प्रायोगिक टप्पा यशस्वीरीत्या पूर्ण झाल्यामुळे तो समाप्त करण्यात येत आहे. बाईंनी ते मला वाचून दाखवायला लावलं. "यशस्वी झाला म्हणून बंद?" त्यांनी विचारलं. "म्हणजे नापास झाला असता तर चालू ठेवला असता?" त्या जीप काढून नाक्यावर गेल्या. मला एका सरकारी दवाखान्यात नोकरी मिळाली. सुटीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर जायची.

इतक्या घरांत बसून, इतक्या लोकांना त्यांनी विचारलं होतं: तुला शेवटी काय हवंय, काय नकोय, आत्ताच सांगून ठेव. स्वतःचं मात्र लिहून ठेवलं नाही. मी मागे लागले की म्हणायच्या, "माझा तोंड हाय ना? मी सांगेन." मग एका सकाळी त्या वाडीत पडल्या. मेंदूत रक्तस्राव. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. ज्या तोंडावर भिस्त होती, तेच गेलं.

बहिणीचा मुलगा धावत आला आणि त्यांना एका बड्या खाजगी रुग्णालयात घेऊन गेला. मी भेटायच्या वेळी पोहोचले. काचेच्या आत, घशात नळी, नाकात नळी, आणि डावा हात, जो अजून हलत होता तो, खाटेच्या दांडीला पट्टीने बांधलेला.

"बांधला कशाला?" मी तिथल्या सिस्टरला विचारलं.

"नळी ओढतात."

"का ओढत असतील, असं तुला वाटतं?"

तिने मान खाली घातली. "ताई, मी काय करू? ऑर्डर आहे."

मी पट्टी सोडली आणि तो हात धरून बसले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत भीती नव्हती, दीनपणा नव्हता. राग होता, नेहमीचाच, फक्त आवाज काढून घेतलेला. मी बाहेर येऊन भाच्याला सांगितलं, त्यांना हे नको होतं, मला शंभरदा सांगितलंय त्यांनी. तो म्हणाला, "मलाही सांगितलं होतं, जेवताना. पण लिहिलेलं काही नाही, सिस्टर. मी नळ्या काढा म्हटलं तर लोक म्हणतील, वाडीसाठी मावशीला मारलं." मोठे डॉक्टर आले. म्हणाले, "आम्ही शक्य ते सगळं करतोय." आणि खरोखरच करत होते. वेळ संपल्यावर मला बाहेर काढलं. काचेतून मी पाहिलं, सिस्टर पुन्हा तो हात बांधत होती.

बाई तिथेच गेल्या. तशाच. त्या वेळी त्यांच्याजवळ आपलं कोणी नव्हतं.

बऱ्याच दिवसांनी भाच्याचा फोन आला. दुपारची वेळ होती, मी दवाखान्याच्या मागच्या पायरीवर डबा खात होते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "सिस्टर, एक विचारू? तिला त्रास नाही ना झाला? डॉक्टर म्हणाले, तिला काही कळत नव्हतं."

नाही म्हणणं सोपं होतं. सगळे म्हणतात. मी सुद्धा कोणाकोणाला म्हटलं असेन.

"झाला," मी म्हणाले. "त्यांना सगळं कळत होतं."

तो रडायला लागला, मोठ्या माणसाला रडायची सवय नसते तसा, अडखळत. माझा राग गेला नव्हता. त्याच्यावरचाही नाही, त्या काचेवरचाही नाही. आजही गेलेला नाही. पण मी डबा बाजूला ठेवला.

"तुम्ही आहात ना?" थोड्या वेळाने त्याने विचारलं.

"आहे," मी म्हणाले. "बोला."